आखाजीनंतरचा जून : तुलनेत अडकलेल्या एका डेव्हलपरचं प्रकरण

या प्रकरणातली डेव्हलपर, तिची कंपनी आणि कामाचे आकडे प्रातिनिधिक आहेत. लहान गावातून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांसाठी काम करणाऱ्यांच्या बाबतीत जे पुन्हा पुन्हा घडतं, ते इथे एका व्यक्तीभोवती मांडलं आहे.

परिस्थिती

वय २६. जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी, नंतर पुण्याच्या एका मध्यम आकाराच्या प्रॉडक्ट कंपनीत चार वर्षं. कंपनी व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवते. टीम सात जणांची. जावा ही भाषा, तिच्यावर चालणारं स्प्रिंग बूट आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस, हे तिचं रोजचं काम. गेली दोन वर्षं ती जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरच्या घरून काम करते आणि महिन्यातून एकदा रेल्वेने पुण्याला जाऊन येते.

त्याच कॉलेजचा, त्याच बॅचचा एक मुलगा तिच्याच टीममध्ये आहे आणि पुण्याच्या ऑफिसात बसतो. एप्रिलच्या अप्रेझलमध्ये तो सिनियर झाला. तिच्या पत्रात ‘अपेक्षेप्रमाणे काम’ असा शेरा आणि बेताची पगारवाढ आली.

खानदेशात अप्रेझलची पत्रं आणि आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, मागेपुढेच येतात. बाहेरगावी नोकरी करणारे घरी येतात, माहेरवाशिणी येतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरसाच्या पंगती बसतात आणि पगार, फ्लॅट, परदेशाच्या गोष्टी निघतात. तिला नात्यातल्या एका काकूंनी सहज अहिराणीत विचारलं, “त्यानी पुनाले फ्लॅट लिधा म्हणे, तुनं काय चाली ऱ्हायनं?” प्रश्न मायेचा होता, पण लागला.

त्यात गाव अमळनेर. पुढे विप्रो झालेली कंपनी १९४५ साली इथेच वनस्पती तुपाच्या कारखान्याच्या रूपात सुरू झाली. ज्यांच्या घरात त्या कंपनीचे जुने शेअर टिकले आणि ज्यांनी ते लवकर विकले, त्यांच्यातली तुलना इथल्या ओट्यांवर पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. सॉफ्टवेअरमध्ये मूल गेलं की त्याच्याकडून काय अपेक्षा असतात, हे वेगळं सांगायला नको.

जूनपर्यंत लक्षणं स्पष्ट झाली. सकाळी लॅपटॉप उघडल्यावर ती स्वतःच्या कामाआधी त्या सहकाऱ्याने काल कोणत्या पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल तपासून मुख्य कोडमध्ये घ्यावा म्हणून टीमला पाठवलेल्या विनंत्या) टाकल्या ते पाहायची. डिझाइनच्या मीटिंगमध्ये बोलणं बंद झालं. तीन ऑनलाइन कोर्स विकत घेतले गेले, एकही तिसऱ्या धड्यापुढे गेला नाही. काम होत होतं, पण टिकट (नेमून दिलेल्या कामाची नोंद) हातात घेतल्यापासून पहिली ओळ लिहीपर्यंत अर्धा दिवस जायचा.

असं का होतं

लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. त्यातल्या दोन गोष्टी या प्रकरणाला तंतोतंत लागू पडतात. स्वतःला मोजायला वस्तुनिष्ठ माप नसलं की माणूस दुसऱ्याकडे पाहून स्वतःला मोजतो. आणि तो कोणाकडेही पाहत नाही, आपल्यासारख्याच माणसाकडे पाहतो.

सॉफ्टवेअरच्या कामाला एकरी उताऱ्यासारखं सर्वांना मान्य असलेलं माप नाही. उलट मापासारख्या दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टी उघड्यावर असतात: पुल रिक्वेस्टची संख्या, स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचे अंदाजी गुण), गिटहबच्या पानावरचे रोजच्या कामाचे हिरवे चौकोन. त्यात समोरचा त्याच बॅचचा, त्याच भागातला, त्याच टीममधला. तुलना होण्याची इतकी पक्की व्यवस्था असताना ‘तुलना करू नकोस’ हा सल्ला काही कामाचा नाही. तो देणाऱ्याला वाटतं आपण आधार दिला, आणि ऐकणारीला वाटतं की आता तुलना होते याचाही दोष आपलाच.

पहिले सहा आठवडे: तीन उपाय, तिन्ही उलटे पडले

पहिला उपाय पुल रिक्वेस्ट वाढवण्याचा. एक बदल चार-पाच तुकड्यांत पाठवायचा, म्हणजे आकडा फुगेल. लहान पुल रिक्वेस्ट चांगलीच असते, पण प्रत्येक तुकडा एकट्याने प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टमवर, गेला तरी सगळं सुरळीत चाललं पाहिजे, ही त्यातली अट आहे. इथे ती पाळली गेली नाही. डेटाबेसमधल्या बिलांच्या टेबलात नवा कॉलम घालून, जुन्या नोंदींत तो भरून, तो रिकामा चालणार नाही असं बंधन घालणारा तुकडा आधी मर्ज झाला, म्हणजे मुख्य कोडमध्ये गेला. नव्या बिलांसाठी त्या कॉलममध्ये माहिती लिहिणारा कोड दुसऱ्या तुकड्यात होता आणि तो रिव्ह्यूत अडकला होता. संध्याकाळी डिप्लॉय झालं, म्हणजे पहिला तुकडा प्रॉडक्शनवर गेला, आणि जुना कोड त्या कॉलमशिवाय नोंदी घालू लागला. चाळीस मिनिटं एकही नवं बिल बनलं नाही.

योग्य क्रम तिला ठाऊक होता: आधी कॉलम रिकामा चालेल असा घाला, मग त्यात लिहिणारा कोड सोडा, मग जुन्या नोंदी भरा आणि शेवटी बंधन घाला. ज्ञान कमी पडलं नाही. लक्ष कामावर नसून आकड्यावर होतं. माप हेच ध्येय झालं की ते माप म्हणून निकामी होतं, ते असं. डेव्हलपरच्या उत्पादकतेवर २०२१ साली मांडल्या गेलेल्या ‘स्पेस’ या चौकटीतही हाच इशारा आहे. केलेल्या हालचालींची संख्या हा पाच अंगांपैकी फक्त एक भाग आहे. समाधान, परिणाम, संवाद आणि कामाचा अखंड प्रवाह यांच्यासोबतच तो वाचायचा असतो.

दुसरा उपाय रात्री अकरा ते एक अल्गोरिदमचे प्रश्न सोडवण्याचा. इंटरव्ह्यू ठरलेला नव्हता, कंपनी ठरलेली नव्हती, किती दिवस करायचं तेही ठरलं नव्हतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जाणाऱ्या भागात रात्रीही झोप धड लागत नाही, त्यातले दोन तास असे गेले. दुसऱ्या दिवशी रिव्ह्यूमधल्या चुका नजरेतून सुटू लागल्या.

तिसरा उपाय लिंक्डइन काढून टाकण्याचा. तो चुकीचा नव्हता, अपुरा होता. तुलनेचं मूळ रोजच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या छोट्या बैठकीत, आणि कामांची नोंद ठेवणाऱ्या जिराच्या बोर्डवर होतं, आणि ते तर काढून टाकता येत नाही.

चार आठवड्यांची नोंद

दुसऱ्या टीममधल्या एका अनुभवी बाईंनी तिला एकच काम दिलं: चार आठवडे वेळ लिहायचा. कोणतंही ॲप नको, एक साधी शीट पुरे. प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी: काय केलं, कोणी सांगितलं, किती वेळ लागला, शेवटी काय निघालं, आणि ते टीमला कुठे दिसतं. शेवटचा रकाना सर्वात महत्त्वाचा. नोंद दर दोन तासांनी करायची. संध्याकाळी आठवून लिहिली की माणूस दिवसातलं सर्वात त्रासाचं काम मोठं करून लिहितो आणि फोनवर दिलेली उत्तरं विसरून जातो.

१६० तासांची विभागणी अशी निघाली. ग्राहकांच्या अडचणी आणि प्रॉडक्शन सपोर्ट ५८ तास, स्वतःचं फीचर ३८, मीटिंगा २४, इतरांच्या कोडचा रिव्ह्यू २२, आणि वीज-नेट जाणं, बिल्ड अडकणं, तुटलेलं काम पुन्हा हातात घेणं यांत १८.

सपोर्टच्या ५८ तासांपुढे ‘कुठे दिसतं’ हा रकाना जवळजवळ रिकामा होता. ग्राहक विभागाची मंडळी तिला थेट फोन करायची, कारण ती उचलते आणि प्रश्न सुटतो. टिकट बऱ्याचदा नंतर, एका ओळीत बनायचं. त्याच काळात सहकाऱ्याने एका फीचरचं डिझाइन लिहिलं, ते बांधलं आणि डेमो दाखवला. म्हणजे ती सकाळ-सकाळ ज्या दोन आकड्यांची तुलना करत होती, ती दोन वेगळी कामं होती.

इथेच थांबलं असतं तर नोंदीची नुसती कुरकुर झाली असती. म्हणून मागच्या सहा महिन्यांची सगळी सपोर्ट टिकटं एकत्र काढली. ३१ निघाली. त्यांतल्या ११ टिकटांचं मूळ एकच: व्यापाऱ्याचं नेट मध्येच गेलं की मोबाइल ॲप तीच विनंती पुन्हा पाठवतं आणि एकाच मालाची दोन बिलं बनतात. सहा महिने ती दर वेळी दुसरं बिल हाताने रद्द करत होती. अकरा वेळा विझवलेली आग कोणाला दिसली नाही आणि आग कशाने लागते हे कोणी विचारलं नाही. तिनेही नाही.

तुलना उसवून पाहणं

पुढचं पाऊल म्हणजे मनातली तुलना कागदावर आणणं. चार प्रश्न: मला नेमकं काय दिसतंय? ते कशाचं बनलं आहे? त्यातलं काय माझ्या हातात आहे? पुढच्या सहा आठवड्यांत मी त्याचं काय करणार?

‘तो मीटिंगमध्ये छान बोलतो’ या ओळीचं उत्तर शोधताना तिने थेट त्यालाच विचारलं. हे अवघड असतं, पण सर्वात स्वस्त माहिती तिथेच मिळते. तो म्हणाला, “अगं, मीटिंगच्या आदल्या दिवशीच मी दोघांशी बोलून घेतो. एक पान लिहून पाठवतो. मग मीटिंगमध्ये फक्त राहिलेल्या मुद्द्यांवर बोलायचं असतं.” पुल रिक्वेस्ट लवकर मर्ज होण्याचं कारणही तेच. रिव्ह्यू करणाऱ्यांना डिझाइन आधीच पटलेलं असायचं. ऑफिसात चहा पिताना हे आपोआप होतं, अमळनेरहून ते ठरवून करावं लागतं. पण तिने ते कधी ठरवलंच नव्हतं, हेही तितकंच खरं. दोघांतल्या फरकाचा हा भाग तिला मान्य करावा लागला: लिहून डिझाइन मांडणं हे तिचं कच्चं अंग होतं.

पगाराची ओळ वेगळी सोडवावी लागली. तुलना सहकाऱ्याशी कमी आणि बंगळूरच्या मावसभावाच्या ‘२४ लाखां’शी जास्त होती. ती रक्कम अशी उकलते. २ लाख जॉइनिंग बोनस, एकदाच मिळणारा, वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा. २ लाख ४० हजार व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग. चार वर्षांत मिळून मिळणारे १६ लाखांचे शेअर, म्हणजे वर्षाला ४ लाख, तेही बाजारभावावर. उरले १५ लाख ६० हजार. त्यात मूळ वेतन ७ लाख ८० हजार धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के, म्हणजे ९३,६०० रुपये, आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, सुमारे ३७,५०० रुपये. हा ४.८१ चा आकडा वर्षाला १५ दिवसांचं वेतन, महिना २६ दिवसांचा, या सूत्रातून येतो. पीएफ कर्मचाऱ्याचाच असतो, पण दरमहा हातात येत नाही. सगळं वजा केलं की महिन्याला करापूर्वी सुमारे १ लाख १९ हजार उरतात.

तिच्या १३ लाखांतून १ लाख व्हेरिएबल आणि ६ लाख मूळ वेतनावरचा पीएफ-ग्रॅच्युइटीचा वाटा काढला की महिन्याला सुमारे ९१,६००. वर्षाला ११ लाखांचं दिसणारं अंतर महिन्याला साडेसत्तावीस हजारांवर आलं.

पण इथे एक धोका आहे. हा हिशेब मनाची समजूत घालायला वापरायचा नाही. ‘आपल्याला अमळनेरला भाडं नाही, घरचं जेवण आहे, चालेल की’ असं म्हणत माणसं वर्षानुवर्षं बाजारभावापेक्षा कमी पगारावर राहतात. साडेसत्तावीस हजार हे खरं अंतर आहे, आणि खऱ्या अंतराला खरं उत्तर लागतं. म्हणून तिने सहा आठवड्यांच्या यादीत दोन इंटरव्ह्यू घातले. आता अल्गोरिदमचा सराव आठवड्यातून तीन सकाळी, प्रत्येकी ४५ मिनिटं, आणि इंटरव्ह्यूच्या तारखेला संपणारा. रात्रीचे दोन तास बंद.

मॅनेजरशी बोलणं

अशा बोलण्यात ‘त्याला मिळालं, मला का नाही’ हा प्रश्न आला की मॅनेजर बचावात जातो आणि दुसऱ्या माणसाबद्दल त्याला काही बोलता येत नाही. तिने तीन दिवस आधी एक पान पाठवलं: १६० तासांची विभागणी, ११ टिकटांचं मूळ, आणि दोन प्रश्न. “सर, सिनियर व्हायला माझ्या कामात कोणत्या तीन गोष्टी दिसायला हव्यात? मागच्या सहा महिन्यांत त्यांतल्या कोणत्या दिसल्या नाहीत?”

उत्तर स्पष्ट मिळालं. तिच्या नावावर एकही डिझाइन नोट नव्हती. एकाहून जास्त सर्व्हिसवर (सॉफ्टवेअरच्या स्वतंत्र चालणाऱ्या भागांवर) परिणाम करणारं काम नव्हतं. ज्युनिअरला मार्गदर्शन ती करत होती, पण ते फोनवर, म्हणून मॅनेजरला माहीतच नव्हतं. ५८ तासांचा आकडाही त्याच्यासाठी नवा होता. बोलणं संपल्यावर तिने त्याच दिवशी ठरलेले मुद्दे ईमेलने लिहून पाठवले. हे पाऊल टाळू नये. अप्रेझलच्या वेळी मॅनेजर बदललेला असू शकतो, ईमेल राहतो.

दोन गोष्टी ठरल्या. सपोर्टची पाळी सातही जणांत, प्रत्येकी एक आठवडा. आणि दुहेरी बिलांचं काम तिच्याकडे, सहा आठवड्यांसाठी.

जिथे उत्साह परत आला

पाळी पहिल्या महिन्यात जवळजवळ मोडली. सवयीने फोन तिलाच येत राहिले. अशा वेळी ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणून गुपचूप सोडवून दिलं की पाळी कागदावरच राहते. तिने दोन पानांची माहिती लिहिली: नेहमीच्या पाच तक्रारी, प्रत्येकीसाठी डेटाबेसवर कोणती क्वेरी (माहिती शोधण्याची आज्ञा) चालवायची, कधी कोणाला कळवायचं. फोन आला की ती गोड बोलून त्या आठवड्याच्या पाळीवाल्याचं नाव सांगायची. पैसे अडकले असतील तरच स्वतः हात घालायची.

दुहेरी बिलांसाठी तिने आधी दीड पानाची नोट लिहिली आणि मीटिंगच्या आदल्या दिवशी दोघांशी बोलून घेतलं. उपाय माहितीतला आहे: ॲपने प्रत्येक बिलासोबत एक वेगळी खूण पाठवायची, पुन्हा प्रयत्न करताना तीच खूण, आणि सर्व्हरने ओळखीची खूण दिसली की नवं बिल न बनवता जुनंच उत्तर परत द्यायचं. चूक होते ती पुढच्या पायरीवर. ‘आधी खूण शोधा, नसेल तर घाला’ असा कोड लिहिला तर दोन विनंत्या एकाच क्षणी येऊन दोघींनाही ‘नाही’ असंच उत्तर मिळतं आणि दोन बिलं बनतात. म्हणून खुणेवर डेटाबेसचं युनिक बंधन (तीच खूण दोनदा लिहू न देणारं) हवं, आणि खूण व बिल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायला हवं, म्हणजे लिहिली तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. ही अडचण तिने नोटमध्येच मांडली होती. मीटिंगमध्ये त्यावर वीस मिनिटं चर्चा झाली आणि बहुतेक वेळ तीच बोलत होती.

प्रेरणेवर डेसी आणि रायन यांनी केलेल्या संशोधनात तीन गरजा सांगितल्या आहेत: कामावर आपला ताबा असणं, काम जमतंय ही जाणीव, आणि माणसांशी जोडलेपण. सपोर्टच्या फोनमध्ये ताबा नव्हता, अमळनेरच्या खोलीत जोडलेपण कमी होतं, आणि जमतंय की नाही हे सांगणारं कोणी नव्हतं. ऑगस्टमध्ये तिन्ही गोष्टी थोड्या थोड्या बदलल्या. उत्साह आधी आला आणि मग काम झालं, असं घडलं नाही. क्रम उलटा होता, आणि तो बहुतेक वेळा उलटाच असतो.

दिनक्रमात तीन छोटे बदल टिकले. सकाळचा पहिला दीड तास फक्त स्वतःच्या टिकटाचा, इतरांच्या पुल रिक्वेस्ट त्यानंतर. संध्याकाळी काम थांबवताना उद्याची पहिली कृती एका ओळीत लिहून ठेवणं, म्हणजे सकाळचा अर्धा दिवस सुरुवात शोधण्यात जात नाही. शुक्रवारी पाच ओळी: या आठवड्यात काय संपलं, कोणाला उपयोग झाला, पुरावा कुठे. राउटर इन्व्हर्टरवर घेतला आणि दुसऱ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटसाठी ठेवलं. १८ तासांतले बरेच त्यानेच वाचले.

एक गोष्ट आधीच पाहायला हवी. दोन आठवडे सलग झोप, भूक उडालेली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर शीट आणि रकाने बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. या प्रकरणात ती वेळ आली नाही.

डिसेंबरमधली स्थिती

सप्टेंबरअखेर बदल प्रॉडक्शनवर गेला. पुढच्या तीन महिन्यांत दुहेरी बिलाची दोनच टिकटं आली, दोन्ही ॲपची जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांची. तिचा सपोर्टचा वेळ पाळी नसलेल्या आठवड्यांत दोन-तीन तासांवर आला. दोन इंटरव्ह्यूंपैकी एकात ती पहिल्याच फेरीत बाहेर पडली, दुसऱ्यातून १७ लाखांचा प्रस्ताव आला, पण पूर्णवेळ बंगळूरला जाण्याच्या अटीवर. तिने तो नाकारला. त्यानंतर पगाराबद्दल मॅनेजरशी बोलताना ‘मला कमी मिळतंय असं वाटतं’ याऐवजी तिच्याकडे एक आकडा होता.

बढती अजून झालेली नाही, निर्णय एप्रिलमध्ये आहे. सहकाऱ्याच्या नावावर आणखी एक मोठं फीचर आलं आणि त्या आठवड्यात तिची जुनी सवय तीन दिवसांसाठी परतली. चौथ्या दिवशी तिने त्याची डिझाइन नोट मागून घेतली आणि वाचली. कॅशविषयीचा (वारंवार लागणारी माहिती हाताशी साठवून ठेवण्याविषयीचा) भाग तिला नवा होता. तो तिच्या पुढच्या सहा आठवड्यांच्या यादीत आहे, आणि जानेवारीत मॅनेजरसोबत ठरलेल्या बैठकीसाठी शुक्रवारच्या नोंदींचं एक पान तयार करायचं काम बाकी आहे.